दशमान क्षेत्रमापे व त्यांचे अध्यापन
(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसंमेलनातील भाषण)



प्राथमिक शाळेतील गणिताच्या ज्या भागांचा विद्यार्थ्याच्या घराशी व शेताशी प्रत्यक्ष संबंध येतो, त्यांत क्षेत्रमापनाचे स्थान वरचे आहे. खेड्यातील मूल पुढे कोणत्याही व्यवसायात जावो. जमिनीचा सातबारा, घरजागेचा कागद, बियाण्याचे व खताचे हेक्टरी प्रमाण, पीकविम्याचा अर्ज यांपैकी काही ना काही त्याच्या हाती येतेच. पुष्कळ घरांतून तर असे कागद वडीलधाऱ्यांना वाचून दाखविण्याचे काम शाळेत जाणाऱ्या मुलांकडेच असते. अशा वेळी एक शून्य कमी वाचले गेले किंवा बिंदूची जागा चुकली, तर ती चूक पाटीवरच्या चुकीसारखी ओल्या फडक्याने पुसता येत नाही. ती घरच्या व्यवहारात उतरते.

असे असूनही या भागाचे अध्यापन बहुधा कोष्टक पाठ करून घेण्यापुरतेच होते. कोष्टक पाठ असलेला विद्यार्थी ५ मीटरांचे ५०० सेंटिमीटर बिनचूक करतो. त्याच विद्यार्थ्याला ५ चौरस मीटरांचे चौरस सेंटिमीटर विचारले, तर तोही बेधडक ५०० असे उत्तर देतो. वास्तविक ते ५०,००० आहेत. येथे विद्यार्थी आळशी आहे किंवा मंद आहे असे समजण्याचे कारण नाही. त्याला जे नाते ठाऊक आहे, तेच त्याने पुढे चालविले आहे. मीटरात १०० सेंटिमीटर असतात, तेव्हा चौरस मीटरात १०० चौरस सेंटिमीटर असावेत, हा त्याचा तर्क वरवर पाहता सरळ आहे. तो कोठे मोडतो हे त्याला डोळ्यांनी पाहावयास मिळालेले नसते, एवढाच दोष. जुन्या मापांतही ही अडचण होतीच. फुटात १२ इंच, परंतु चौरस फुटात १४४ चौरस इंच, हे पूर्वीच्या मुलांनाही सुखासुखी उमगत नसे.

म्हणून या पाठाचे सारे सार एका वाक्यात शिक्षकाने प्रथम स्वतःशी पक्के करावे. लांबीच्या एककांत एक पायरी चढताना दहापट होते. क्षेत्राच्या एककांत तीच पायरी चढताना शंभरपट होते. लांबीला एक शून्य, तर क्षेत्राला दोन. कारण क्षेत्र दोन बाजूंनी वाढते, लांबीकडूनही दहापट आणि रुंदीकडूनही दहापट. हे वाक्य विद्यार्थ्यांना आरंभी सांगू नये. त्यांनी मोजावे, मोजता मोजता ते त्यांच्याच तोंडून निघावे, आणि मग शिक्षकाने ते फळ्यावर लिहावे.

त्याची रीत अगदी बिनखर्चाची आहे. जुनी वर्तमानपत्रे खळीने जोडून १ मीटर लांब व १ मीटर रुंद असा एक कागदी चौरस मुलांकडून करवून घ्यावा. त्याच्या चारही बाजूंवर दर १० सेंटिमीटरांवर खुणा करून आडव्या-उभ्या रेषा मारल्या, म्हणजे त्यात १०० घरे पडतात. प्रत्येक घर एक चौरस डेसिमीटराचे होय. आता त्यांतील कोणत्याही एका घरात दर सेंटिमीटराला रेषा माराव्यात. त्या एका घरातच १०० बारीक घरे होतात. शंभर चौरस सेंटिमीटर म्हणजे हे एवढेसे, जेमतेम तळहात झाकील असे घर, हे मुलांनी पाहिले, की चौरस मीटरात शंभर चौरस सेंटिमीटर असतात असे म्हणण्यास त्यांचीच जीभ वळत नाही. मोठी घरे शंभर आणि प्रत्येकाच्या पोटात लहान घरे शंभर, तेव्हा एकूण दहा हजार, हा हिशेब इयत्ता चौथी-पाचवीतील मूल स्वतः मांडू शकते. तो कागद वर्षभर भिंतीवर टांगून ठेवावा.

याच वेळी भाषेतील एक गफलत दूर करावी. ‘५ चौरस मीटर’ आणि ‘५ मीटर बाजूचा चौरस’ हे दोन शब्दप्रयोग मुलांच्या कानांना एकच वाटतात. पहिल्याने ५ चौरस मीटर क्षेत्र सांगितले जाते, तर दुसऱ्याने २५ चौरस मीटर. दोन्ही आकृत्या जमिनीवर खडूने काढून दाखविल्या, म्हणजे पुन्हा सांगावे लागत नाही. क्षेत्र चौरस मीटरांत असले म्हणून आकृती चौरसच असली पाहिजे असे नाही, हेही याच ठिकाणी स्पष्ट करावे.

कागदावरील पाठ झाल्यावर वर्ग अंगणात न्यावा. १० मीटर लांबीची सुतळी, चार खुंट्या व एक मोजपट्टी एवढे साहित्य पुरे. काटकोन साधण्यासाठी १२ मीटरांची दुसरी एक दोरी घेऊन तिला ३ मीटरांवर व ७ मीटरांवर गाठी माराव्यात आणि दोन्ही टोके एकत्र धरून ती त्रिकोणात ताणावी. ३, ४ व ५ मीटर बाजूंच्या या त्रिकोणात ३ व ४ मीटरांच्या बाजूंमधील कोन काटकोन असतो. अशा रीतीने १० मीटर बाजूचा चौरस आखून झाल्यावर त्याचे दोन्ही कर्ण मोजून पाहावेत. ते सारखे भरले, व प्रत्येकी सुमारे १४ मीटर १४ सेंटिमीटर आले, तर चौरस साधला असे समजावे. या चौरसाचे क्षेत्र १०० चौरस मीटर, म्हणजेच १ आर. शाळेत एक किंवा दोनच शिक्षक असतील, तेथे वरच्या इयत्तेतील मुलांनी मोजावे व खालच्या इयत्तेतील मुलांनी त्या चौरसाच्या काठावर मीटरागणिक उभे राहून गणती करावी. सारी शाळा एकाच पाठात गुंतते आणि कोणत्याही वर्गाचा वेळ फुकट जात नाही.

आर हे माप दशमान पद्धतीच्या जन्मापासूनचे आहे. फ्रान्समध्ये १७९५ साली या पद्धतीचा जो कायदा झाला, त्यात लांबीसाठी मीटर व जमिनीच्या क्षेत्रासाठी आर अशी एकके ठरविण्यात आली होती. ‘हेक्टो’ या उपसर्गाचा अर्थ शंभर, म्हणून १०० आर म्हणजे हेक्टर. येथे विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतात, व तो विचारणाऱ्याला शाबासकी द्यावी. हेक्टोमीटर म्हणजे १०० मीटर, तर हेक्टर म्हणजे १०० चौरस मीटर का नव्हे? उत्तर असे, की हेक्टर या शब्दातील ‘हेक्टो’ मीटराला नव्हे तर आराला लागला आहे. शंभर आर, आणि प्रत्येक आरात शंभर चौरस मीटर, म्हणून हेक्टरात १०,००० चौरस मीटर. हेक्टराची बाजू १०० मीटर धरली, तरी १०० गुणिले १०० असे तेच उत्तर येते. दोन वाटांनी एकाच ठिकाणी पोहोचता येते हे पाहून मुलांचा विश्वास दृढ होतो.

एवढे झाल्यावर पुढील कोष्टक फळ्यावर यावे, आधी नव्हे.

१०० चौरस मिलिमीटर = १ चौरस सेंटिमीटर
१०० चौरस सेंटिमीटर = १ चौरस डेसिमीटर
१०० चौरस डेसिमीटर = १ चौरस मीटर
१०० चौरस मीटर = १ आर
१०० आर = १ हेक्टर
१०० हेक्टर = १ चौरस किलोमीटर

सहाही ओळींत आकडा एकच आहे, हे मुलांच्या लक्षात आणून द्यावे. पाठ करण्यासारखे त्यात फारसे उरत नाही. पायऱ्या किती ते मोजावे आणि प्रत्येक पायरीला दोन शून्ये द्यावीत. मोठ्या एककाकडून लहानाकडे जाताना संख्या मोठी होते, लहानाकडून मोठ्याकडे येताना संख्या लहान होते. उत्तर काढण्यापूर्वी ‘संख्या वाढेल की घटेल?’ हा प्रश्न तोंडी विचारण्याची सवय लावली, तर निम्म्या चुका लिहिण्यापूर्वीच गळून पडतात. महाराष्ट्र राज्याचे क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर आहे. त्याचे हेक्टर किती, असे विचारावे. एक पायरी उतरावयाची, म्हणून दोन शून्ये, आणि उत्तर ३,०७,७१,३०० हेक्टर. भूगोलाचा आकडा गणिताच्या तासाला कामी आला, याचे मुलांना कौतुक वाटते.

आता सातबाराकडे वळावे. शेतजमिनीच्या उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर व चौरस मीटर अशा तीन घरांत लिहिलेले असते. उदाहरणार्थ, १.४१.६४ याचा अर्थ १ हेक्टर ४१ आर ६४ चौरस मीटर. येथे दोन बिंदू आहेत, म्हणून ही साधी दशांश संख्या नव्हे. परंतु प्रत्येक घर शंभराचे असल्यामुळे बिंदू काढून टाकताच १४,१६४ हे चौरस मीटर आपोआप मिळतात. पहिलाच बिंदू ठेवला तर १.४१६४ हेक्टर होतात व दुसराच ठेवला तर १४१.६४ आर होतात. गुणाकार नाही, भागाकार नाही. दशमान पद्धतीचा खरा लाभ या एका उदाहरणात जितका दिसतो, तितका दहा व्याख्यानांनी दिसणार नाही.

मात्र या सोयीला एक अट आहे. आर व चौरस मीटर यांची घरे दोन-दोन अंकांची राखली पाहिजेत. १ हेक्टर ५ आर हे १.०५ असे लिहावयाचे, १.५ असे लिहिले, तर ते दीड हेक्टर, म्हणजे १ हेक्टर ५० आर होते. एका शून्याने ४५ आरांचा फरक पडला. तसेच ०.५ हेक्टर म्हणजे ५० आर, ५ आर नव्हेत. नवा पैसा १ एप्रिल १९५७ रोजी सुरू झाला, तेव्हा रुपये व पैसे लिहिताना जो दंडक मुलांच्या हाती बसविण्यात आला, तोच येथे उपयोगी पडतो. ५ पैसे ०.०५ रुपये असे लिहिणारे मूल ५ आर ०.०५ हेक्टर असे सहज लिहील, फक्त ते साम्य त्याला दाखवून द्यावयास हवे.

दशमान मापे देशात १९५६ च्या कायद्याने आली व टप्प्याटप्प्याने सर्वत्र लागू झाली. तरीही गावच्या बोलण्यात एकर आणि गुंठा आजही नांदत आहेत, आणि शिक्षकाने त्यांच्याकडे पाठ फिरवून चालणार नाही. मूल घरी गुंठे ऐकते व उताऱ्यावर आर वाचते. या दोहोंची गाठ शाळेने घालून दिली नाही, तर ती कोणीही घालून देणार नाही. गुंठा हे माप ३३ फूट बाजूच्या चौरसाचे. मुंबई इलाख्याच्या जमीन मोजणीत ३३ फुटांची साखळी असे व तिचे सोळा आणे पाडीत. अशा ४० गुंठ्यांचा एकर. ३३ फूट म्हणजे सुमारे १० मीटर ६ सेंटिमीटर. तेव्हा अंगणात आखलेल्या आराची बाजू व गुंठ्याची बाजू यांत तीन-चार बोटांचेच अंतर आहे. म्हणून अंदाजापुरता आर व गुंठा एकच धरला तरी चालतो. परंतु कागदोपत्री तसे धरू नये. एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. एका एकरात हा फरक साचत साचत सुमारे ४७ चौरस मीटरांचा होतो, आणि एवढ्या जागेत एक बेताचे घर बसते. एक एकर म्हणजे ४०.४७ आर, आणि एक हेक्टर म्हणजे २.४७१ एकर. लोक अडीच एकराला हेक्टर म्हणतात ते स्थूलमानाने ठीक आहे. अडीच एकर म्हणजे १ हेक्टर व आणखी सुमारे १ आर १७ चौरस मीटर.

याहून मोठा धोका एकर-गुंठ्यांच्या लेखनात आहे. जुन्या कागदावर ३ एकर २० गुंठे हे क्षेत्र ३-२० असे लिहिलेले आढळते. समजा, दोन भावांना ती जमीन सारखी वाटून घ्यावयाची आहे. दशांश अपूर्णांक शिकलेला घरातील विद्यार्थी ते ३.२० असे मांडतो, दोहोंनी भागतो व १.६० असे उत्तर देतो. त्याचा अर्थ १ एकर ६० गुंठे घ्यावा, तर एकरात साठ गुंठे मावत नाहीत. त्याचा अर्थ एक पूर्णांक सहा दशांश एकर घ्यावा, तर १ एकर २४ गुंठे होतात. दोन्ही वाटे मिळून ३ एकर ८ गुंठे भरतात, आणि १२ गुंठे जमीन कोठे गेली याचा उलगडा होत नाही. खरा हिशेब असा की, ३ एकर २० गुंठे म्हणजे १४० गुंठे; प्रत्येकी ७० गुंठे, म्हणजे १ एकर ३० गुंठे. चूक हेतुपुरस्सर केलेली नसते, परंतु वाटणीच्या वेळी निघालेला बारा गुंठ्यांचा प्रश्न भावाभावांचे बोलणे बंद करू शकतो. हीच जमीन दशमान मापांत १४,१६४ चौरस मीटर, म्हणजे १.४१.६४ भरते, आणि तिचा निम्मा भाग ७,०८२ चौरस मीटर, म्हणजे ०.७०.८२. चाळिसांची जुनी पायरी व शंभराची नवी पायरी यांतील भेद वर्गात असे उदाहरण सोडवून दाखविल्याने जसा ठसतो, तसा नियम सांगून ठसत नाही.

रूपांतराचा दुसरा उपयोग शेतीच्या प्रमाणांत होतो. बियाणे, खते व उत्पन्न यांचे आकडे हेक्टरी दिलेले असतात, पण शाळेच्या परसबागेतील वाफा चार-सहा चौरस मीटरांचा असतो. एखाद्या खताचे प्रमाण हेक्टरी १०० किलोग्रॅम आहे असे धरले, तर ते आराला १ किलोग्रॅम व चौरस मीटराला १० ग्रॅम पडते. ३ मीटर लांब व २ मीटर रुंद वाफ्याला ६० ग्रॅम पुरेत. हेक्टरात १,००० चौरस मीटर असतात अशी समजूत झालेला विद्यार्थी त्याच वाफ्यात ६०० ग्रॅम टाकील, आणि रोपे करपली म्हणजे दोष खताला देईल. मुलांनी ही मात्रा स्वतः काढावी, तराजूत तोलावी व स्वतः वाफ्याला द्यावी. गणिताचे उत्तर बरोबर आले की नाही, हे मग रोपेच सांगतील.

पावसाचे गणितही येथेच बसते. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी बरोबर १ लिटर भरते. म्हणून १ मिलिमीटर पावसाचे आरावर १०० लिटर व हेक्टरावर १०,००० लिटर पाणी होते. शाळेचे छपर ८० चौरस मीटर असेल व एका दिवशी २५ मिलिमीटर पाऊस झाला, तर त्यावर २,००० लिटर पाणी पडले. उन्हाळ्यात ज्या गावाला टँकरची वाट पाहावी लागते, त्या गावच्या मुलांना हा आकडा ऐकून विचार करावासा वाटल्याशिवाय राहणार नाही.

आज मोबाइलवर कोणत्याही मापाचे रूपांतर क्षणात मिळते, मग एवढा खटाटोप कशासाठी, अशी शंका काही शिक्षकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. यंत्र चुकत नाही, हे खरे. परंतु यंत्राला जे सांगावे त्याचेच ते उत्तर देते. ३ एकर २० गुंठ्यांना ३.२ एकर म्हणून घातले, तर ते त्या चुकीचे रूपांतर चार दशांश स्थळांपर्यंत बिनचूक करून देईल. उत्तर हाती आल्यावर ‘हे एवढे असू शकेल काय?’ असे ज्याला वाटते, तोच चूक पकडू शकतो. असे वाटण्यासाठी आर केवढा, हेक्टर केवढा हे पायांना ठाऊक असावे लागते. म्हणून सुगी झाल्यावर, शेताच्या मालकाची संमती घेऊन, मुलांना एखाद्या मोकळ्या रानात न्यावे व १०० मीटर बाजूच्या चौरसाच्या चार कोपऱ्यांवर चार मुले उभी करावीत. बाकीच्यांनी त्याला फेरी घालावी. ४०० मीटर चालून आलेल्या मुलाला हेक्टराची व्याख्या विचारण्याची गरज राहत नाही.

चाचणी घेतानाही हेच धोरण असावे. ‘७ हेक्टर = किती चौरस मीटर?’ एवढ्याच प्रश्नांवर भर न देता पुढील प्रकारचे प्रश्न घालावेत. पाव हेक्टर मोठे की २,५०० चौरस मीटर? २० मीटर लांब व ५ मीटर रुंद पट्टी आणि १० मीटर बाजूचा चौरस यांत क्षेत्र कोणाचे जास्त व कुंपण कोणाला जास्त लागेल? ०.०८.५० हे क्षेत्र चौरस मीटरांत लिहा. शाळेचे अंगण किती आरांचे असेल, याचा आधी अंदाज लिहा व मग मोजून पाहा. शेवटच्या प्रश्नात अंदाज चुकला म्हणून गुण कापू नयेत. अंदाज व मोजमाप यांतील अंतर दर वेळी कमी होत गेले, की काम झाले.

या सर्वांतून एक गोष्ट प्रत्येक शाळेला यंदाच करता येण्यासारखी आहे. अंगणाच्या एका कडेला १० मीटर बाजूच्या चौरसाचे चार कोपरे चार दगड पुरून कायमचे करावेत व त्यांवर चुना द्यावा. जागा अपुरी असेल तेथे २० मीटर लांब व ५ मीटर रुंद अशी पट्टी आखली तरी क्षेत्र तेच राहते. मुले त्यात खेळतील, प्रार्थनेला उभी राहतील, आणि आर हे माप कोणी न शिकविताच त्यांच्या डोळ्यांत बसेल. पालक शाळेत आले असता त्यांनाही ते दाखवावे, गुंठ्याशी त्याची तुलना करून द्यावी, व घरचा उतारा वाचण्यासाठी मुलाच्या हाती द्यावा. तो उतारा मुलाने न अडखळता वाचला आणि त्याचे एकर-गुंठे करून सांगितले, तर या पाठाची परीक्षा तेथेच पूर्ण झाली असे शिक्षकाने समजावे.